एकट्याचा फोटो

आमच्या घराण्यात माणसाचा एकट्याचा फोटो काढला की तो माणूस थोड्याच दिवसांत जातो.

ही अंधश्रद्धा नाही. आमच्यात एकट्याचा फोटो काढतातच मुळी तेव्हा, जेव्हा डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या आणि सेवा करा." ही पद्धत पडली माझ्या थोरल्या चुलत्यांमुळे, भिवाकाकांमुळे. काका अचानक गेले आणि दहाव्याला लावायला फोटोच सापडेना. सगळं घर धुंडाळल्यावर कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीचा एक फोटो मिळाला. त्यातून काकांचं तोंड तेवढं कापून मोठं केलं. पण काकांच्या गालात त्या वेळी बुंदीचा लाडू होता, तो काही कापता येईना. (आजही भिंतीवरचे भिवाकाका एका बाजूनं सुजलेले दिसतात आणि घरात आलेली प्रत्येक नवी सून विचारते, "दाढेनं गेले का?")

तेव्हापासून ठरलं, की अशी फजिती पुन्हा नको. माणूस अंथरुणाला खिळला की वेळीच फोटो काढून ठेवायचा. आणि हे काम मी आपणहून अंगावर घेतलं. तलवाड्यात माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे, मालासाठी गेवराईला जाणं-येणं असतं, आणि तिथं शकीलभाईचा फोटो स्टुडिओ आहे. घरात कुणाचं कमीजास्त झालं की मी शकीलभाईला गाडीवर बसवून आणायचो. पेशंटला उशीला टेकवायचं, टोपी सरळ करायची आणि सांगायचं, "आधार कार्डाला लागतोय." पेशंटही मान डोलवायचा. तो काय ओळखायचं ते ओळखायचा.

या कामात माझ्याकडून एकदाच चूक झाली. नामदेव तात्यांचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तात्या उठून बसले व त्यांनी पिठलं-भाकरी मागितली. तात्या अजून ठणठणीत आहेत आणि माझ्याशी नीट बोलत नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मध्यंतरी माझ्या मुलीचा, अश्विनीचा, पुण्याहून फोन आला.

"पप्पा, मंगळवारी शकीलकाकांकडे तुमची वेळ घेतलीय. पोर्ट्रेट काढून घ्या."

"कुणाचं?"

"तुमचं. एकट्याचं. चांगलं, मोठं."

"मग तुझ्या आईचं बी काढू की."

"आईचे चांगले फोटो आहेत माझ्याकडे. तुमचाच नाही एकही. सगळ्यांत डोळे मिटलेले आहेत. पण मंगळवारी नक्की काढा हं पप्पा, उशीर नको."

"कावून? एवढी कशाची घाई?"

ती म्हणाली, "पुढच्या रविवारी येतीय मी, आले की सांगते. फोनवर सांगण्यासारखं नाही."

माझ्या डोक्यात भलतंच आलं. कारण मागच्याच महिन्यात मी पुण्याला गेलो होतो, तेव्हा तिनं मला धरून नेऊन पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत तपासण्या करायला लावल्या होत्या. रिपोर्ट तिच्या फोनवर आले. मी विचारलं, "काय निघालं?" तर म्हणाली, "ठीक आहे पप्पा, एक गोळी लिहून दिलीय, आठवड्यातून एकदा घ्यायची," आणि फोन पर्समध्ये टाकला. आता सर्दीची गोळी दिवसातून तीनदा, बीपीची रोज एक. ज्या रोगाला आठवड्यातून एकदाच गोळी लागते त्याच्या गोळीत केवढा जोर असेल, आणि तो रोग केवढा असेल! मी आपला गुमान ती गोळी घेत होतो. विचारलं आणि तिनं सांगून टाकलं तर काय करायचं, या भीतीनं विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघरात कमल, माझी बायको, भाकरी थापत होती. मी दारात उभं राहून शक्य तितक्या सहज म्हणालो, "अश्वी म्हणती, फोटो काढून घ्या."

थापण्याचा आवाज थांबला.

"कुणाचा?"

"माझा."

"एकट्याचा?"

"हां."

त्या दिवशी आमच्या घरात आयुष्यात पहिल्यांदा कमलच्या हातची भाकरी करपली. तिनं ती गुपचूप गायीला घातली आणि मला दुसरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवून. मी लोण्याकडं बघत राहिलो. माझ्या बीपीमुळं हे लोणी या घरात फक्त पाहुण्यांना मिळतं.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी इतकं गोड वागली की मला रात्रीची झोप लागेना. "च्यात साखर घालू का अजून?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी कप तसाच खाली ठेवला. दुकानातून उशिरा आलो तरी चकार शब्द नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकला, तिनं तो उचलला, घडी घातली आणि पदर डोळ्याला लावला. संसारात इतकी वर्षं ज्या टॉवेलवरून आमची भांडणं झाली, त्या टॉवेलवर ती रडतीय म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. हिला अश्वीनं सगळं सांगितलंय आणि ही मला कळू देत नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझं मन तर थेट दहाव्यापर्यंत जाऊन पोचलं होतं. स्वयंपाक कोण करील, पाऊस आला तर मांडव कुठं घालतील, आणि मुख्य म्हणजे फोटो. जन्मभर मी लोकांचे फोटो काढवले आणि माझ्याच फोटोत डोळे मिटलेले निघाले तर? म्हणून मी आरशापुढं उभा राहून पापणी न लववण्याचा सराव सुरू केला. डोळे वटारून, तोंड मिटून, स्वतःकडं बघत. मागून कमल आली, माझा तो अवतार बघितला आणि तशीच तोंडात पदर कोंबून परत गेली.

सोमवारी सकाळी चक्क नामदेव तात्या काठी टेकत घरी आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. ओट्यावर बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "बाप्या, भिऊ नको. तू माझा काढलाच होता की. मला काय झालं?"

"काय न्हाई तात्या."

"तेच म्हणतो. फकस्त डोळे तेवढे उघडे ठेव. न्हाईतर लोक इचारत बसतेत, फोटो आधीचा हाय का मागचा."

एवढं बोलून ते उठले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांनी तात्या माझ्याशी मायेनं बोलले, आणि तेही इतके खुशीत, की मला भर उन्हात थंडी वाजली.

आता माणूस जायला लागला की देणीघेणी, भावकीतली वैरं मिटवून टाकतो. माझं एकच वैर होतं, चुलतभाऊ उत्तमशी. आमची शेतं लागून आहेत, मधल्या बांधावर एक कडुलिंब आहे आणि तो कुणाचा यावरून आमच्यात बोलणं बंद आहे. मी त्याच दिवशी तडक उत्तमच्या घरी गेलो. तो बाजेवर बसून विळ्याला धार लावत होता. मला बघून त्यानं विळा अजून जोरात घासायला घेतला.

"उत्तम, बांधावरचा लिंब तुझा. म्या सोडला."

विळा थांबला. "कावून? काय चाल हाय ही?"

"चाल न्हाई रं. उद्या फोटोला चाललोय गेवराईला."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

उत्तमचा चेहरा उतरला. तोही आमच्याच घराण्यातला, त्याला फोड करून सांगायची गरज नव्हती. विळा बाजूला ठेवून तो म्हणाला, "मग लिंब तूच ठिव दादा."

"म्या ठिवून काय करू? तुला तरी सावली व्हईल."

"न्हाई, म्या घ्यायचा न्हाई. लोक म्हणतेल, मरणाऱ्या माणसाचं झाड लुबाडलं."

'मरणाऱ्या' म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. "तुला घ्यावाच लागंल!"

"घेणार न्हाई म्हंजे न्हाई! तुझाच हाय तो, आज्यानं तुमच्याच वाटणीला लावलाय!"

"ते खोटं हाय! तुमच्या वाटणीला लावलाय!"

आवाज चढले. जे आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांच्या विरुद्ध ओरडलो, तेच आता उलटे करून ओरडत होतो. शेवटी उत्तम कुऱ्हाड घेऊन उठला आणि म्हणाला, झाड पाडूनच टाकतो म्हणजे वादच नको. लिंबाचा जुनाच तंटा पेटला असं समजून चारजण धावत आले आणि त्यांनी आम्हाला लांब केलं. घरी परत येताना माझे डोळे भरून आले. उत्तमचा एवढा जीव आहे माझ्यावर हे कळायला मला मरणाच्या दारात जावं लागलं, असं मनात आलं.

मंगळवारी कमलनं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून ठेवला. मी म्हणालो, "चौकड्याचा घालतो."

"अश्वीनं फिकट रंगाचा घाला म्हणून सांगितलंय."

"पांढरा नको गं."

"अवं, पांढराच शोभून दिसतो," ती म्हणाली आणि एकदम गप्प झाली. मग मी पांढरा घातला.

ती माझ्यासोबत आलीच. गाडीवर मागं बसली आणि खांद्याला धरलं. एरवी लग्नाला निघालो तरी ती मागच्या दांडीला धरते. अर्ध्या वाटेत माझ्या पाठीला ओलं लागायला लागलं. मला वाटलं घाम असेल. मग कळलं, ती कपाळ टेकवून रडतीय. गाडी थांबवून तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण थांबवली असती तर मीही रडलो असतो, म्हणून मी रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या देत गाडी चालवत राहिलो. फोटो समोरून काढायचा होता म्हणून शर्टाचं निभावलं.

स्टुडिओच्या दारात शकीलभाई उभाच होता. नेहमी मी गेलो की तो विचारतो, "कोण हाय बापूभाऊ? किती सिरियस हाय?" आज त्यानं काहीच विचारलं नाही. आणि खरं सांगतो, त्याचं ते न विचारणंच मला सगळ्यात जास्त लागलं.

"ताईचा फोन आलता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "एकट्याचा पायजे, मोठा पायजे, लवकर पायजे. समजलो मी." मग त्यानं मला हाताला धरून आत नेलं. बाकी गिऱ्हाइकांना तो स्टुलावर बसवतो, मला त्यानं त्याच्या गल्ल्यामागची गादीची खुर्ची आणून दिली. पंखा माझ्याकडं वळवला. पाणी दिलं, च्या मागवला.

"शकीलभाई, मागं तो धबधबा लावा की," मी म्हणालो. त्याच्याकडं धबधब्याचा एक झकास पडदा आहे. म्हटलं, निदान मागं तरी काहीतरी जिवंत असावं.

"नको भाऊ. ताई बी म्हणल्या, साधंच ठेवा. साधंच बरं दिसतं असल्या फोटूला."

असल्या म्हणजे कसल्या, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यानं कॅमेरा लावला, डोळा लावला, जरा मागं सरकला. मी विचारलं, "लई लांबून काढताय का?"

"न्हाई, डोक्याच्या वर थोडी जागा सोडतो."

"कावून?"

तो कॅमेऱ्याचा स्क्रू उगीचच पिळत राहिला. "असू द्या भाऊ. लागती."

मला हार दिसायला लागला. झेंडूचा नाही, तो लाकडाच्या सालपटांचा, कधीच न सुकणारा.

"हसू का?"

"तुमची मर्जी. म्या आज जबरदस्ती करणार न्हाई."

मग त्यानं दिवे लावले. दिव्यांच्या मागं अंधारात कमल उभी होती, तिची फक्त बांगडी चमकत होती. मी कॅमेऱ्याकडं बघितलं आणि राहिलेलं सगळं एकदम आठवलं. अश्वीचं लग्न राहिलं. कमलला एकटीला दुकान जमणार नाही, तिला युरिया आणि सुपर फॉस्फेटमधला फरक कळत नाही. तिला एकदा तिरुपतीला नेतो म्हणालो होतो, ते दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकललं. मला जायचं नव्हतं. मला अजून पुष्कळ दिवस तिच्याशी टॉवेलवरून भांडायचं होतं. डोळ्यांत पाणी काठोकाठ भरलं. पापणी मिटली तर ते खाली येईल आणि कमल बघील, म्हणून मी पापणी मिटलीच नाही.

खटाक् झालं.

शकीलभाईनं फोटो बघितला आणि कॅमेरा बाजूला ठेवला. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "अल्ला सब ठीक करेंगा." फोटो त्यानं तिथूनच अश्वीच्या फोनवर पाठवून दिला.

रविवारी अश्वी आली. आल्या आल्या तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं. तिचाच चेहरा पांढराफटक पडला होता. कमलनं माझा हात घट्ट धरला. लेकीसमोर तिनं असा हात पहिल्यांदाच धरला होता.

"पप्पा, आई, जरा मन घट्ट करून ऐका."

"सांग बाई," मी म्हणालो. "किती दिवस हायेत?"

"कशाला?"

"जे काय हाय ते एकदाच सांगून टाक."

अश्वी म्हणाली, "मला एक मुलगा आवडलाय. ओंकार नाव आहे, नांदेडचा. माझ्याच ऑफिसात आहे. आणि पप्पा... तो आपल्यातला नाही."

एरवी या वाक्यावर मी पत्रा उडेल असा ओरडलो असतो. पण मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. ते येईचना.

"बरं," मी म्हणालो. "आन् माझं?"

"तुमचं काय?"

"रिपोर्टात काय निघालंय?"

"व्हिटॅमिन डी कमी आहे पप्पा, त्याचीच ती गोळी. उन्हात बसत जा, सांगायचंच राहिलं."

आमच्या जिल्ह्यात चैत्रात उन्हानं डांबर वितळून चपलेला चिकटतं. तिथला मी एक माणूस ऊन कमी पडून मरायला निघालो होतो!

कमलनं माझा हात सोडला आणि मोठ्यांदा रडायला लागली. मग रडता रडता उशी घेऊन मला हाणायला लागली. "मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय आन् माझ्यापसून लपवून ठिवताय!"

"आन् मला वाटलं, तुला म्हाईत हाय!"

"मला कशानं म्हाईत असंल? म्या काय डाक्टर हाय का?"

मी उशीचे फटके खात बसलो. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

अश्वी आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. "आणि ओंकारचं काय?"

"त्याचं काय? करून टाक की," मी म्हणालो. कमलही डोळे पुसत म्हणाली, "हां, करून टाक." बिचारीनं पुण्याहून येताना रस्ताभर मुद्दे जुळवले होते, आमच्या पाया पडायची, उपाशी राहायची तयारी केली होती. तिची सगळी तयारी वाया गेली. आपण काय बोलून बसलो हे मला संध्याकाळी ध्यानात आलं, पण तोवर तिनं त्या पोराला फोन करून सांगूनही टाकलं होतं.

मग तिनं फोटोचा उलगडा केला. ओंकारच्या आईवडिलांना घरच्यांचे फोटो बघायचे होते. आधी तिनं माझा लग्नातला फोटो दाखवला, तर त्याची आई म्हणाली, "वडील झोपलेत का?" म्हणून हा नवा. तो बघून त्याचे वडील म्हणाले होते, "केवढा शांत, समजूतदार माणूस आहे. डोळ्यांत किती माया आहे बघ. अशा माणसाच्या घरी जायला काय हरकत आहे?"

अश्वीनं मला तो फोटो दाखवला. खरंच, फोटोतला तो पाणीदार डोळ्यांचा माणूस कुणावरही रागावणारा वाटत नव्हता. त्यानं सगळ्यांना सगळं माफ केलं होतं. मी त्याला ओळखत नव्हतो.

नांदेडचे पाहुणे पुढच्या रविवारी येणार आहेत. कमल मला रोज बजावते, "त्या फोटूतल्यासारखं तोंड ठिवा, म्हंजे पोरीचं जमंल." मी होय म्हणतो. पण आपण मरत नाही हे कळल्यापासून माझं काही खरं नाही. काल टॉवेलवरून भांडण झालं. आज सकाळी उत्तमनं लिंबाच्या दोन फांद्या तोडल्या म्हणून मी बांधावर जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून आलो. शेवटी संध्याकाळी अश्वीला फोन लावला आणि म्हणालो, "बाई, पाहुणे यायच्या आधी माझं परत एकदा रक्त तपासायला दे. आन् काय निघालं ते मला सांगू नको."